चिंचोक्यांचा डबा

1976 ची दिवाळी आमच्याकडे नव्हती. आजोबा भाद्रपदात गेले होते. शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांबाहेर आकाशकंदील लागला नाही, कढई चढली नाही. शेजारपाजारच्यांनी ताटं झाकून फराळ आणून दिला, तो आई परतपरत डब्यांत भरत राहिली. वाड्याच्या मालकांकडे टीव्ही आला होता, सिंहगडावरच्या मनोऱ्याची कृपा. सिनेमा असला की सगळा वाडा तिकडे. सुतकी घरातल्या आम्हा पोरांना मात्र ती पायरी चढायची नव्हती.

मी दहा वर्षांची. आजोबा गेले तेव्हा रडले नव्हते, पण नंतर कशावरूनही भडकायची. सहामाही संपली त्या दुपारी चुलतभाऊ, आमचा दादा, आजोबांच्या खुर्चीत बसला एवढंच निमित्त झालं. मी कॅरमचा बोर्ड जिन्यावरून खाली भिरकावला. सोंगट्या पार चौकातल्या हौदापर्यंत गेल्या. आता धपाटा बसणार म्हणून मी पाठ ताठ करून उभी. आजी माजघरात वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, “ओंकारेश्वराकडनं माती घेऊन ये. दोन घमेली. बोलायचं ते नंतर बोलू.”

ते ‘नंतर’ कधी आलं नाही. आमच्या घरात मनाची विचारपूस करायची पद्धतच नव्हती. काम सांगायची होती.

माती दिवाळीच्या किल्ल्यासाठी. किल्ला कुठला, हा प्रश्नच नव्हता. आदल्या हिवाळ्यात आजोबांनी आम्हाला गुंजवण्याहून चोरदरवाज्याने राजगडावर नेलं होतं. विटा आणि दगड रचून मधे बालेकिल्ला, तिन्ही अंगांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माच्या. त्यावर चिखलात बुचकळलेलं पोतं. चिखल कालवताना कोपरापर्यंत हात बरबटतात, नाकाला खाज सुटली तरी खाजवता येत नाही, आणि पाणी जरा जास्त झालं की सगळं ओघळतं. त्यात रागवायला सवड कुठली?

माझा जीव अडकला सुवेळा माचीच्या नेढ्यात. डोंगराच्या आरपार गेलेलं ते भोक. तिथल्या वाऱ्यात बसून आम्ही दशम्या खाल्ल्या होत्या. मी बोटाने नेढं कोरायची आणि वरची माती बदकन खाली बसायची. तिसऱ्यांदा बसली तेव्हा मात्र मी चिखलातच फतकल मारून भोकाड पसरलं. दादा घाबरून आजीला घेऊन आला. तिने क्षणभर पाहिलं, आत गेली आणि बांगड्यांच्या डब्यातली एक हिरवी बांगडी घेऊन आली. आता ती तिला लागणार नव्हती. “ही घाल आत. माती धरून ठेवील.”

नेढं राहिलं. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे आणले, उतारावर हळीव पेरला. भाऊबीजेला किल्ला हिरवागार होता.

सुट्टी संपता संपता आजी मला बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात घेऊन गेली. तिथे तलवारी आहेत, कोथरूडहून हलवून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे. ती मात्र दिवे आणि अडकित्ते यांच्यापुढून हलेना. दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय. ‘अज्ञातवासी’ नावाने कविताही करत. जुन्या वस्तूंचा नाद त्यांना आधीपासून होता. त्यांचा आणि पत्नी कमळाबाईंचा मुलगा राजा लहानपणीच गेला. पुढे गावोगाव हिंडून जमवलेल्या या हजारो वस्तूंच्या घराला त्यांनी त्याचं नाव दिलं. आजीला हे ठाऊक होतं. एका सुबक अडकित्त्याकडे बघत ती एवढंच म्हणाली, “कमळाबाईंनीही हे सगळं पुसलं असेल, नाही?”

तिचं स्वतःचं काम म्हणजे लाख वातींचा संकल्प. आजोबांच्या तेराव्यानंतर धरलेला. सरकी काढलेला कापूस, बोटाला चिमूटभर राख, तळहातावर एक घासणी, की वात तयार. शंभर झाल्या की पत्र्याच्या डब्यात एक चिंचोका. रोज दुपारी तो ‘टण्’ आवाज आला की चहाची वेळ झाली, असं आम्ही समजायचो. पुढे कधीतरी त्याकडे आमचं लक्ष जाईनासं झालं.

गेल्या वर्षी नात शाळेतून घुम्यासारखी येऊन मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायला लागली, तेव्हा मी नर्सरीतून लाल माती आणवली. (पुण्यात माती विकत! आजीने कपाळाला हात लावला असता.) नातीने किल्ला केला, पण तोफा जास्त आणि मावळे कमी. असो. पेरायला हळीव शोधताना माळ्यावरून आजीचा डबा निघाला, आणि आम्ही दोघी फरशीवर बसून चिंचोके मोजायला लागलो. लाख वातींना हजार हवेत. हजार झाले तरी डब्याचा तळ दिसेना. नातीने दहादहाचे ढीग लावले, दोनदा चुकली, पुन्हा लावले.

1,362 निघाले.