बाबांच्या वहीतली पाकोळी

बेळगावच्या जुन्या घरांना वेंगुर्ला परकं नाही. रेल्वे यायच्या आधी आपल्याकडचा माल त्याच बंदरात उतरून बैलगाड्यांनी घाट चढायचा. आमच्या घरात मात्र वेंगुर्ला म्हटलं की बाबांची पक्ष्यांची वही. तिच्या शेवटच्या पानावर कित्येक वर्षं एकच ओळ : वेंगुर्ला रॉक्स, पाकोळी, बाकी.

बाबा आता 78 चे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. आईने निघतानाच बजावलं, "किनाऱ्यावरनं काय ते बघा. होडीत पाय ठेवायचा नाही." बाबा काही बोलले नाहीत. म्हणजे जाणार!

फेब्रुवारीचा शेवट. आंबोली उतरून सावंतवाडी, तिथून शिरोड्याचा वेळागर. ओहोटीच्या ओल्या वाळूवर चिखले चार पावलं पळायचे, थांबायचे, परत पळायचे. वेंगुर्ल्याच्या बंदरात मासे उतरत होते आणि वर कुरवांचा नुसता कालवा. थंडीत त्यांचं डोकं पांढरं असतं, परत निघायच्या सुमाराला तपकिरी होऊ लागतं. बाबा दुर्बीण आईच्या हातात देऊन म्हणाले, "बघ की, यांची जायची तयारी चाललीय." आईने बघितलं, पण होडीबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी निवतीला पहाटेच पोचलो. दुपारी वारा सुटतो, म्हणून सकाळचीच होडी. सगळ्यांत आधी आई चढून बसली. "मी पण येणार. यांच्या गोळ्या कुठली कधी, तुम्हाला कुणाला ठाऊक आहे?"

खडक जवळ आले तसा एक काकण (पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड हो) वरनं संथ फिरून गेला. होडीवाल्याने इंजिन मंद केलं. "काका, उतराक गावाचा नाय. पाखरां बिथरतत."

ते बरोबरच. या पाकोळ्या कपारीतल्या गुहांत आपल्या लाळेने घरटी चिकटवतात. परदेशात त्याचं सूप करतात, म्हणून इथली घरटी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी वनखात्याबरोबर इथे पहारा केला, तेव्हा कुठे ती राखली गेली. गुहेच्या काळोखात हा पक्षी टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. लाटांच्या गाजेत आम्हाला ते काही ऐकू आलं नाही. दिसल्या त्या चिमणीएवढ्या काळपट पाकोळ्या, गुहेच्या तोंडातून सुटायच्या, वळायच्या, परत आत. बघण्यासारखं असं फार नाही म्हणा. होडी हलत होती, बाबांचे हात थरथरत होते, दुर्बीण स्थिर राहीना. आईने मागून त्यांची दोन्ही कोपरं धरली.

"दिसली?"

"दिसली."

परतताना बाबांनी वहीतलं 'बाकी' खोडलं. आई म्हणाली, "झालं ना आता मनासारखं?"

"सुरय राहिले. ते पावसाच्या तोंडाला येतात इथं, अंडी घालायला."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग होडीवाल्याला विचारती झाली, "मे महिन्यात कसा असतो हो समुद्र?"