घराच्या उत्तरेकडील बोळास अनावृत पत्र

इचलकरंजी

माननीय बोळ यांस,


शेजारच्यांनी त्यांच्या बोळात शहाबादी फरशी घातली. आमच्याकडेही तोच विषय निघाला आहे. "चार फुटांत काय उगवणार?" असं सगळे म्हणतात. तुमची बाजू मांडायला कुणी नाही, म्हणून हे पत्र.

आधी तक्रार. आपलं गाव साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला ५० अंशांवरच असतो, दहा फुटी भिंतीची सावली आठ फूट पडते आणि तुम्ही पुरते झाकले जाता. मेच्या पहिल्या आठवड्यात तोच सूर्य डोक्यावर येतो, मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी उत्तरेकडे कललेला असतो. थंडीत ऊब नाही, उन्हाळ्यात दुपारचा चटका! मोगरा-जास्वंदीला रोज चार-सहा तास ऊन लागतं. त्यांनी तुमच्याकडे नांदायचं कसं? जोत्यालगत चुना-सिमेंटचा राडारोडा गाडलेला, त्यात एक्झोराची पानं पिवळी पडतात.

सासूबाईंनी मात्र तुम्हाला नीट ओळखलं होतं. त्यांनी खोकल्यासाठी अडुळसा लावला. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आपल्या गावात पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून मागावरच्या माणसाच्या छातीत कापसाची तूस जातेच आहे. घरात कुणी खोकलं की सासूबाई पानं तोडायला तुमच्याकडे यायच्या. (मला बजावायच्या, "चप्पल घालून जा गं, विंचू असतो.") अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच पुढे खोकल्याचं ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं. अर्धवट उन्हात तुम्ही तो अडुळसा इतकी वर्षं सांभाळलात, त्याचे उपकार मानते.

आता मागणं. अंधाऱ्या कोपऱ्यात अडुळसा राहू द्या. कुंपणाच्या भिंतीलगत कुंतीची रांग घ्या. दोन रोपांत तीन फूट अंतर. कुंती छाटून अरुंद ठेवता येते, चुनखडीची माती सोसते, चांगला पाऊस झाला की पांढऱ्या फुलांनी भरते. एकदा मूळ धरलं की दोन पाण्यांमधला खाडाही सोसते. आपल्या नळाला रोज पाणी कुठे येतं? उजेडाच्या टोकाला गुडघाभर अबोली, म्हणजे वेणीपुरती फुलं घरची. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी मी आणून घालीन, पण जोत्यापासून लांब. काळी माती भिजून फुगली की घराच्या पायाला धोका. घराच्या बाजूची दोन फूट वाट नळदुरुस्तीला मोकळी ठेवीन.

फरशी घातली तर पावसाचं पाणी तुमच्यात मुरणार नाही आणि उन्हाळ्यात भिंती अधिक तापतील. हे मी घरच्यांना सांगणार आहे. तुम्ही यंदाच्या पावसाळ्यात कुंतीला तेवढं मूळ धरू द्या. मग फरशीचा विषय परत निघायचा नाही.



आपली,
घरची सून