कीर्दीत नसलेले शनिवार

आमच्या पणजोबांचं अलिबागजवळ किराण्याचं आणि तेलाचं दुकान होतं. त्यांची कीर्द आता माझ्याकडे आहे: लाल कापडी पुठ्ठा, दोऱ्याची शिलाई, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. लहानपणी ठाण्याला आजीशेजारी बसून मी ती चाळायचे, ते गूळ, सुकट, घाण्याचं तेल अशी ओळखीची नावं सापडतात म्हणून. कॉलेजात असताना जुन्या भावांचं नवल वाटायचं. चाळिशीत ती तारीखवार वाचली, तेव्हा ध्यानात आलं, तिच्यात एकही शनिवार नाही. शुक्रवारनंतर थेट रविवार. एका वर्षी नारळी पौर्णिमा शनिवारी आली. आदल्या दिवशी नारळ-गुळाची विक्री भरपूर, आणि ऐन सणाला दुकान बंद. शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या आम्हा बेने इस्रायलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, तिथे शनवार तेली म्हणत. गावाला आमचा धर्म तेवढ्यावरून ठाऊक होता. त्यापुढे कोणी काही विचारलं नाही.

उतारवयात पणजोबा मुलाबरोबर इस्रायलला गेले, नेगेव वाळवंटातल्या दिमोनाला. १९५५ साली वसवलेल्या त्या गावात त्यांचं दुकान कुठलं? मुलगा कापडगिरणीत लागला. पणजोबांनी कीर्द चालूच ठेवली, आता घरखर्चाची. रुपये-आण्यांच्या जागी लिरा आले. मुंबईहून आलेल्या पोह्यांपुढे ‘मलिद्यासाठी’, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या प्रसादासाठी, असं लिहिलंय. शनिवार तिथेही नाहीत.

१९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींचा आदेश निघाला: बेने इस्रायलांपैकी कोणाचं लग्न इतर ज्यूंमध्ये ठरलं, तर आईकडच्या पिढ्या जमतील तितक्या मागे तपासाव्यात. पणजोबांच्या नातीचं लग्न मोरोक्कोहून आलेल्या घरात ठरत होतं. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्यावर आपल्या घराण्याचा पुरावा द्यायची वेळ आली. १९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. कीर्दीत त्याच सुमारास ओळ आहे: ‘जेरुसलेम, बसभाडं, माणसं दोन.’ ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला, बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत. त्यानंतरच्या पानावर मेंदीचा खर्च मांडलाय.

तो ठराव आमच्या माणसांनी भांडून मिळवला, याचा मला अभिमान आहे. पण पणजोबांची साक्ष त्याच्या कितीतरी आधी लिहून झाली होती. हातावर पोट असलेला दुकानदार दर आठवड्याला एका दिवसाची कमाई सोडत होता, आणि ती किती बुडाली याचा हिशेबही त्याने कुठे मांडला नाही. वंश जन्माने मिळतो. शनिवार त्यांना दर आठवड्याला नव्याने पाळावा लागला. कोणाचा धर्म तपासायचाच असेल, तर त्याने त्यापायी काय सोडलं, हे आधी विचारावं.