पागेतील तीन खण

घराला चार भिंती असतात असे आपण सहज म्हणतो. आमच्या घराला मुळात तीनच होत्या. चौथी आजोबांनी मातीने उभारली. कारण ते घर नव्हतेच. ती होती गावच्या मालगुजाराच्या वाड्याची पागा!

आपल्या भंडारा जिल्ह्यात मालगुजारी होती, तोवर दाराशी घोडे असणे हा वाड्याचा मान होता. १९५१ साली मालगुजारी कायद्याने संपली. आमच्या गावचे घोडे विकले गेले आणि पागेचे खण वाड्यावर राबणाऱ्या कुटुंबांकडे आले. आजोबा तेथे मोतद्दार होते. ज्या जागेत त्यांनी घोड्यांना खरारा केला, त्याच जागेत आजीने चूल मांडली.

पागेची सारी बांधणी घोड्याच्या सोयीची. दोन खांबांमधला एक खण म्हणजे एका घोड्याची जागा. वर एकच सलग आढे आणि उतरते कवेलूंचे छप्पर. चौकाकडची बाजू उघडी, मागची भिंत आंधळी. कोंदट हवा निघून जावी म्हणून उंचावर तेवढे झरोके. ओल राहू नये म्हणून जमिनीला उतार. त्या उतारामुळे आमची खाट अजूनही डुगडुगते. गव्हाणीत आता तांदळाचे डबे आहेत आणि घोडा बांधण्याच्या लोखंडी कडीला माझी पुस्तकांची पिशवी! अभ्यासाला मात्र भरदुपारी दिवा लावावा लागतो.

लहानपणी मुले आम्हाला 'पागेवाले' म्हणून चिडवीत. महाविद्यालयात आल्यावर मी पुण्याच्या हुजूरपागेविषयी वाचले. १८८४ साली स्थापन झालेली मुलींची ती शाळा पेशव्यांच्या पागेच्या जागेवर वाढली आणि पागेच्याच नावाने प्रसिद्ध झाली. घोड्यांच्या जागेत मुली शिकल्या, आणि नाव कोणी झाकले नाही! तेव्हापासून पत्ता विचारला की मी 'पागेत' असे मोकळेपणाने सांगते.

यंदा शेजारच्या काकांना घरकुल मंजूर झाले. जुने पाडल्याशिवाय नवे बांधायला जागा नाही. पण आढे तर सर्वांचे एक! त्यांचा खांब काढला की आमचे वासे अधांतरी. इतकी जुनी वास्तू मोडू नये असे मी म्हणाले. आजी म्हणाली, "पोरी, घोड्याले भिताडाकडे तोंड करून चालते. मानसाले उजेड पायजे."

यावर काय बोलणार? वास्तूचे कौतुक करणाऱ्याने तिच्यात राहणाऱ्याचा श्वासही मोजला पाहिजे.

शेवटी बाबा आणि काका यांनी मिळून तोड काढली. आधी आमच्या बाजूला नवा खांब उभा राहील, त्यावर आढे टेकेल, मगच त्यांचे खण उतरतील. दोन्ही घरांमध्ये दोन हात जागा मोकळी सोडायची. उतरलेले सागवान काका आम्हाला देणार आहेत. त्याची चौकट करून आमच्या बाजूच्या भिंतीत खिडकी बसेल. घोडे गेल्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी पागेला पहिली खिडकी!