थंड काय घेणार?

पंधराएक वर्षांपूर्वी जागतिकीकरण आणि मराठी कविता या विषयावरील एका चर्चासत्रात मी निबंध वाचला होता. त्यात कोलाच्या बाटलीवर जवळजवळ दीड पान होते. १९७७ साली देशाबाहेर गेलेले पेय १९९३ मध्ये परत आले, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काय काय आत शिरले, बाटलीचा तो आकार आपल्या कवितेत कशाकशाचे प्रतीक होऊन बसला, असे बरेच काही. टाळ्या पडल्या. त्या ओसरल्यावर मी फाटकासमोरच्या रसवंतीगृहात गेलो आणि आले-लिंबू घातलेला उसाचा रस प्यायलो. दोन ग्लास. पहिला तहानेचा, दुसरा, आता कबूल करायला हरकत नाही, तत्त्वाचा.

त्या दीड पानात साखर हा शब्द एकदाही आलेला नव्हता. हे ध्यानात आले ते मागच्या वर्षी, प्रयोगशाळेतून रक्ताचा अहवाल हाती पडल्यावर. तीन महिन्यांच्या रक्तशर्करेची सरासरी सांगणारा एचबीएवनसी नावाचा आकडा ६.२ होता. ६.५ पासून मधुमेह धरतात, ५.७ ते ६.४ हा उंबरठा. डॉक्टरांनी मला काय खाता असे विचारले नाही. “दिवसभरात काय काय पिता?” असे विचारले. “काही नाही, फक्त चहा,” मी म्हणालो. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि मोजायला लावले. स्टाफरूममधले तीन, घरचे दोन. प्रत्येकी दोन चमचे साखर. एका चमच्यात चार-पाच ग्रॅम धरले तरी बेरीज चाळिशीच्या पुढे गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली मर्यादा अशी, की वरून घातलेली साखर, तसेच मधातली आणि फळांच्या रसातली, ही सगळी मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. शक्य तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे प्रौढ माणसाला साधारण २५ ग्रॅम. माझा ‘फक्त चहा’ ती ओलांडून पुढे गेला होता, आणि त्या कागदावर रसाची ओळ अजून यायची होती.

ती ओळ लिहिताना माझा हात थोडा अडखळला. कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत उसाच्या रसाचा आकडा आहे १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम. तत्त्वाचा म्हणून प्यायलेला तो दुसरा ग्लास मी ज्याचा निषेध करून आलो होतो त्याहून गोड होता. रस शुद्ध असेल, ताजा असेल, आपल्या मातीतला असेल. यकृताला माती कळत नाही. साखर आतड्यात फुटते, तिचे निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज होते. ग्लुकोज सगळ्या शरीराला वाटले जाते, फ्रुक्टोजचा बहुतेक भार एकट्या यकृतावर पडतो आणि रोजचा होऊन बसला की त्याची चरबी होऊ लागते. मूळ देशी की विदेशी, हा प्रश्न या सगळ्या व्यवहारात कुठेच येत नाही. आमच्या समीक्षेत मात्र तेवढाच येत होता.

आम्हीच तसे होतो असे नाही. २००३ साली शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचा अहवाल दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने काढला तेव्हा केवढा गदारोळ झाला. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. प्रश्न रास्तच होता. पण बाटलीत चोरून आलेल्या सूक्ष्म विषाची चर्चा चालू असताना तिच्यात राजरोस विरघळलेल्या सात-आठ चमचे साखरेविषयी स्टाफरूममध्ये कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. बोलणार तरी कोण? आम्ही सगळे चहा पीत होतो.

माझ्याबाबतीत तर यात आणखी एक गाठ आहे. ज्या जिल्ह्यात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या जिल्ह्यातला मी. घरचा अडीच एकर ऊस कारखान्याला जाई आणि त्या पैशावर माझे एम. ए. झाले. साखरेविषयी वाईट लिहिताना मीठ आणि खाणे यांची म्हण मला आठवते. फक्त पदार्थ बदलावा लागतो.

पण त्याच शिवाराने दाखवलेली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लहानपणी अण्णा बांधावर बसून कोयत्याने उसाची कांडी करून देत. ते दाताने सोलायचे, पेरे टाळायचे, चावायचे, चिपाड थुंकायचे. एक ऊस संपवायला अर्धा तास जाई, जबडा दुखे, आणि दुसरा मागावासा वाटत नसे. रसवंतीतल्या एका ग्लासासाठी कांडी चरकातून तीनतीनदा जातात, घुंगरू वाजतात आणि सगळे दोन मिनिटांत घशाखाली उतरते. ऊस तोच. मध्ये गळते ते चिपाड, आणि चिपाडाबरोबर जातो तो वेळ. चावून खाल्लेल्याचा हिशेब भूक ठेवते. प्यायलेल्या गोडाचा तसा ठेवत नाही. ग्लासभर रस प्यायला म्हणून जेवताना कोणी एक भाकरी कमी खात नाही.

अण्णा मराठीचे शिक्षक. कोला त्यांनी आयुष्यात एकदाच चाखला आणि “औषधासारखा लागतो” म्हणून ठेवून दिला. त्यांचे सरबत कोकमाचे, ताटात गूळ, चहा ‘जरा गोडसर’. मधुमेह बावन्नाव्या वर्षी कळला. गोळ्या घेत, पण पाहुणा म्हणून गेल्यावर समोर आलेले नाकारणे त्यांना असभ्यपणाचे वाटे. शिक्षक असल्यामुळे ते फार ठिकाणी पाहुणे असत. पासष्टीनंतर डोळ्यांच्या पडद्यावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागल्या. लेझर झाले. आधी वर्तमानपत्राचा बारीक टाइप गेला, मग पुस्तके, मग मथळे. शेवटची चार वर्षे मी सुट्टीत गेलो की त्यांना वाचून दाखवत असे. ते मध्येच थांबवून माझे उच्चार दुरुस्त करत. वाचनाच्या मध्यंतरात आई आम्हां दोघांना सरबत आणून देई, आणि मीही ते पीत असे. त्यांच्या अंधाराचे कारण आमच्या दोघांच्या हातांत होते असे मी म्हणणार नाही; रोग इतका सरळ नसतो. पण त्या पेल्यांकडे मी कधी पाहिले नाही हे खरे.

आता पाहतो. कोकमाचेच घ्या. साली साखरेत मुरवून काढलेला पाक म्हणजे बाजारातले ‘अमृत’, आणि मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ. एकाच फळाची दोन अपत्ये. चमचाभर आगळ, माठातले पाणी, जिऱ्याची पूड, एवढ्यावर माझा उन्हाळा निघाला. चहात साखर आधी एक चमचा केली, मग अर्धा, मग नाही. तिसऱ्या आठवड्यात चहाला स्वतःची चव असते असे कळले (ती दरवेळी चांगलीच असते असे नाही, विशेषतः आमच्या कॅन्टीनात). ताक तर होतेच. पुढच्या तपासणीत आकडा ५.८ आला. उंबरठा सुटला नाही, पण पाऊल मागे आले.

शरीराची सवय मोडली. समाजात मोडणे अवघड. ‘थंड काय घेणार?’ या आपल्या प्रश्नात थंड म्हणजे गोड हे गृहीत आहे. पूर्वी उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देत. गुळाचा खडा वेगळा, तांब्या वेगळा. खडा एकच आणि पाणी हवे तितके. आता दोन्ही आधीच एकत्र करून, सील लावून येतात.

मागच्या मे महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या गावी गेलो होतो. त्याच्या आईने नातवाला दुकानात पिटाळून मोठी बाटली मागवली आणि काचेच्या ग्लासात भरून पुढे केली. मी म्हणालो, “मावशी, ताक असेल तर द्या ना.” त्या ओशाळल्या. “अहो सर, घरचं ताक कसं द्यायचं तुम्हांला? पहिल्यांदा आलात.” मी हट्ट धरला. शेवटी पितळी पेल्यात ताक आले, वर कोथिंबीर. फार सुंदर होते ते. मी तसे म्हटले, त्या हसल्या, पण पुरत्या नाहीत. भरलेला ग्लास तसाच स्टुलावर राहिला होता. त्यांनी तो उचलला, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि दारात ताटकळलेल्या सात वर्षांच्या नातवाच्या हातात दिला.