उद्यमनगर ते गगनबावडा : एका पिवळ्या दिव्याचा प्रवास

कोल्हापूरला जाणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो, जमले तर चपलांची एक जोडी घेऊन परततो. शेतकऱ्याची मात्र या शहरात आणखी एक जुनी ओळख आहे. ती म्हणजे शिवाजी उद्यमनगर. पंचगंगेच्या काठी ऑइल इंजिनावर पाणी उचलून ऊस जगवला जायचा, त्या काळात बिघडलेले इंजिन बैलगाडीत घालून माणसे येथे येत. ओतकाम, लेथ, पिस्टन, बुश, सुटे भाग, सारे एका पेठेत मिळायचे. आजही गल्लीत शिरले की तापल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास येतो, आणि घणाच्या आवाजात बोलणे ओरडून करावे लागते.

जुना मिस्त्री इंजिन कानाने तपासत असे. ठोका चुकला की डोळे मिटून सांगे, "मिसिंग मारतंय." आता त्याच गल्लीत हातात छोटी पाटी घेतलेली पोरे दिसतात. त्या पाटीला स्कॅनर म्हणतात. मोटारीच्या स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात वायर खुपसली की गाडी आपले दुखणे आकड्यांत सांगते. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ही सोय सक्तीची आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे नियम देशभर लागू झाले, आणि आता खेडोपाडीच्या गाड्यांतही चेक इंजिनचा पिवळा दिवा ओळखीचा झाला आहे.

गेल्या मे महिन्यात या दिव्यापायीच आम्ही उद्यमनगरात गेलो. माझ्या ताईचे सासर असळजच्या बाजूला. तिच्या सासऱ्यांना, तात्यांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कोल्हापूरला आणावे लागते. एस.टी.ची दगदग त्यांना सोसत नाही, म्हणून दाजींनी जुनी पेट्रोलची चार सिलिंडरची गाडी घेतली. ती चढाला धक्के देऊ लागली आणि दिवा लुकलुकू लागला. एका गॅरेजवाल्याने चारही प्लग आणि एक कॉइल बदलली, दिवा विझवून दिला, पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! पावसाळा तोंडावर आलेला. रात्री-बेरात्री तात्यांना घेऊन निघावे लागले आणि गाडी वाटेत बसली तर काय, या धास्तीने ताईची झोप उडाली होती.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आधी एकच विचारले, "दिवा विझवला कसा त्यांनी?"

"बॅटरीची वायर काढली आणि लावली," दाजी म्हणाले.

मिस्त्री हसले. "मालक, त्यानं दुखणं जात न्हाई. गाडी नुसती इसरती. बॅटरी काढली की कॉम्प्युटरची पाटी कोरी. त्यो पुन्यांदा सगळं तपासत बसतो, आन् दोष गावला की दिवा लावतो."

स्कॅनरवर कोड उमटला : पी ०३०३. शेवटचा तीन म्हणजे तिसरा सिलिंडर, त्यात ठिणगी वाया जाते आहे. क्रँकशाफ्टजवळ एक सेन्सर असतो. एखाद्या सिलिंडरने जोर दिला नाही की शाफ्टची गती क्षणभर मंदावते, ते त्याला कळते. म्हणजे जुन्या मिस्त्रीचा कानच तो. पण कोड फक्त जागा दाखवतो, कारण सांगत नाही. पहिल्या गॅरेजात नेमके तेच झाले होते. तिसरा सिलिंडर म्हटल्याबरोबर त्याची कॉइल बदलली आणि काम संपले असे धरले.

येथे मिस्त्रींनी काहीच विकत आणायला लावले नाही. तिसऱ्याची कॉइल काढून दुसऱ्याला बसवली, दुसऱ्याची तिसऱ्याला. गाडी चालवून पाहिली. दोष कॉइलमध्ये असता तर तो तिच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला असता आणि कोड ०३०२ झाला असता. कोड ०३०३ च राहिला. मग प्लगची तशीच अदलाबदल केली. तरीही तोच. तेव्हा बॅटरी लावून वायरिंग तपासायला घेतले. तिसऱ्या कॉइलकडे जाणाऱ्या वायरचे आवरण उंदरांनी कुरतडले होते. आतली तार दोन-चार धाग्यांवर टिकून होती. सपाटीला ती काम भागवी, चढाला इंजिन हादरले की सोडून देई. तार सोल्डर केली, वर नळी चढवली, आणि खर्च एका साध्या जेवणाइतका झाला.

कोड पुसून मिस्त्री म्हणाले, "आता दिवा गेला म्हणून पेढं वाटू नका. कोड पुसल्यावर तो जाणारच. घाट चढवून आणा, मग बोलू."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. कोल्हापूरपासून अंतर सुमारे ५५ किलोमीटर. फुलेवाडी मागे पडली की बालिंग्याला भोगावतीचा पूल लागतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने पंचगंगा भरते, त्यामुळे हा सारा मुलूख उसाचा. कळे गेले की डोंगर जवळ येऊ लागतात, साळवणनंतर ऊस कमी होऊन भाताची खाचरे वाढतात. पावसाळ्यात कुंभी फुगली की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येते आणि पलीकडची गावे अडकतात. त्या दिवसांत घरची गाडी धड असणे म्हणजे काय, हे या पट्ट्यातल्या माणसालाच विचारावे.

असळजला तात्या अंगणात बसले होते. दाजींनी नुसती मान हलवली, "अजून काय न्हाई." तसेच पुढे गेलो. गगनबावड्याला वारा गार होता. जांभळे पिकली होती, पोरी पानांच्या द्रोणांत करवंदे विकत होत्या. येथून कोकणात दोन वाटा उतरतात, करूळ घाटाची आणि भुईबावड्याची. आम्ही करूळचा घाट धरला. उतारावर गाडी न्यूट्रल केली नाही. गिअरमध्ये राहिली तर इंजिन ब्रेकला मदत करते. पायथ्याशी गाडी वळवली आणि खरी परीक्षा सुरू झाली. दुसऱ्या गिअरमध्ये, वळणामागून वळण, इंजिनवर पुरा भार. दाजींची नजर रस्त्यावर आणि माझी दिव्यावर. माथा आला, गाडीने एकही धक्का दिला नाही, दिवा काळाच राहिला.

तरी मिस्त्रींनी आणखी दोन-तीन फेऱ्यांनंतर परत बोलावले होते. बरेच दोष एकदा दिसले की कॉम्प्युटर ते मनात नोंदवतो, आणि दुसऱ्या फेरीतही दिसले तरच दिवा लावतो. ती आतली नोंद स्कॅनरवर वाचता येते. तात्यांच्या डायलिसिसच्या दोन फेऱ्या झाल्यावर दाजी गेले. नोंद कोरी निघाली. त्या रात्री आपण स्वस्थ झोपलो, असे ताईने फोनवर सांगितले.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल तर जोर देऊ नये, शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घ्यावी, कारण न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करते, आणि तो भाग फार महाग असतो. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र जागीच थांबावे. दुरुस्तीनंतर कोड पुसला नाही तरी, दोष खरोखर गेला असेल तर बहुतेक गाड्यांत ओळीने तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. म्हणून लगेच घाबरू नये, आणि नुसता विझवून घेऊन समाधानही मानू नये. पैसे देताना कोणता कोड होता आणि काय केले हे पावतीवर लिहून घ्यावे.

आणि गाडी धान्याच्या पोत्यांशेजारी किंवा वैरणीला लागून उभी करू नये. दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून पाहावे. लेंड्या, वाळके गवत किंवा कुरतडलेला स्पंज दिसला की समजावे, घूस-उंदरांनी बिऱ्हाड थाटले आहे. दाजींनी आता गाडी गोठ्याच्या कडेची काढून अंगणात आणली आहे. कणगीजवळची मांजर मात्र अधूनमधून बॉनेटवर झोपते, आणि तिला कोणी हाकलत नाही.