कौल आणि करार

साताऱ्या-सांगलीकडे अक्षय्य तृतीया झाली की छपरांची घाई सुरू होते. मृग लागायच्या आत पत्रा चढला पाहिजे, असं पाटणच्या डोंगरातल्या माणसाला वाटतं, तासगावच्या बेदाणा शेडवाल्याला वाटतं आणि विट्याच्या पोल्ट्रीवाल्यालाही वाटतं. अशा घाईत व्यवहार ठरतो तो बांधावर उभं राहून. टेप टाकली, दर सांगितला, हातात थोडा विसार ठेवला, "बाकीचं बघू, घरचंच काम आहे" असं कुणीतरी म्हणालं, की झालं कंत्राट.

माझा भाचा कराड ते पलूस या टापूत पत्र्याची छपरं आणि शेड करतो. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गेली काही वर्षं त्याच्या कामांचे करार मी लिहून देते, त्यामुळे या 'घरच्या कामा'चं पुढं काय होतं, ते जवळून पाहते आहे.

पूर्वी कागद लागत नव्हता, हे खरंच आहे. कौलारू घराची शाकारणी दरवर्षी पावसाच्या तोंडावर व्हायची. गावचा सुतार बलुतेदार. त्याला सुगीला धान्य मिळायचं आणि वासा मोडला की तो यायचा. त्या व्यवहाराला कागद नव्हता, पण गाव होतं. सुतार कुठं जाणार नव्हता, घरमालकही नाही. घर गळलं तर दुसऱ्या दिवशी पारावर गाठ पडायची. आज घर पाटण तालुक्यात, मालक मुंबईत, ठेकेदार कराडचा आणि पत्रा ठोकणारी पोरं उत्तर प्रदेशातली. चौघं एका जागी येतात ती काम संपेपर्यंत. पूर्वी गाव जे करत होतं, ते आता कागदाला करावं लागतं.

पण कागदाचं नाव काढलं की माणसं दुखावतात. "बाई, आमच्यावर भरवसा नाही का?" हा प्रश्न मी मराठा शेतकऱ्याकडून ऐकला आहे आणि आपल्या जमातीतल्या हाजीसाहेबांकडूनही. हाजीसाहेबांना मी एवढंच विचारलं, की कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? ती नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. सूरह बकरची २८२वी आयत आहे ती, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहा. लिहिणाऱ्यानं इन्साफानं लिहावं आणि लिहायला नकार देऊ नये. मजकूर सांगावा तो ज्याच्यावर देणं आहे त्यानं. तो सांगू शकत नसेल तर त्याच्या वतीनं त्याच्या वलीनं सांगावा. साक्षीदार घ्या. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. रोखीचा, हातोहात व्यवहार असेल तेवढ्याला सूट. आणि लिहिणाऱ्याला वा साक्षीदाराला त्रास देऊ नका. हे सांगितलं आहे ते ईमानवाल्यांनाच. एकमेकांवर विश्वास असलेल्या माणसांनाच लिहायला सांगितलं आहे. म्हणजे लिहिणं हा अविश्वास नव्हे.

देणं ज्याच्यावर आहे त्यानं सांगायचं, ही अट मला फार शहाणपणाची वाटते. छपराच्या कामात दोघंही देणेकरी असतात. गिऱ्हाईक पैशाचं देणं लागतं, ठेकेदार कामाचं. म्हणून मी छापील नमुना पुढं ढकलत नाही. गिऱ्हाइकाला विचारते, "तुम्ही काय द्यायचं ठरवलंय, तुमच्या तोंडानं सांगा." मग भाच्याला विचारते. निम्मे वाद तिथंच वर येतात, कारण दोघांच्या डोक्यात दोन वेगळी छपरं असतात.

मापाचंच घ्या. घर २४ फूट रुंद, ३० फूट लांब. मालक म्हणतो, ७२० चौरस फूट. पण छप्पर दोन उतारांचं आहे. मधल्या आढ्यापासून भिंतीपर्यंत आडवं अंतर १२ फूट आणि आढ्याची उंची ५ फूट असेल, तर उतार १३ फुटांचा होतो. सातवी-आठवीच्या पोराला हा त्रिकोण पाठ असतो. त्यात वळचणीला २ फूट पत्रा पुढं काढला की १५ फूट. दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त, म्हणजे लांबी ३२. दोन्ही उतार मिळून ९६० चौरस फूट. दर १५० रुपये धरला तर २४० चौरस फुटांच्या फरकाचे ३६,००० रुपये होतात. कुणीच लबाड नाही. एकानं जमीन मोजली, दुसऱ्यानं पत्रा मोजला. म्हणून करारात 'चौरस फूट' एवढं लिहून भागत नाही. उतारावरचं माप, वळचणीसकट, हे लिहावं लागतं आणि शेजारी हातानं आकृती काढावी लागते. पत्रा एकमेकांवर चढतो ती पन्हाळ मापात धरायची की नाही, तेही लिहावं लागतं.

तसंच जाडीचं. '०.५० चा पत्रा' म्हणजे रंग आणि मुलामा धरून अर्धा मिलिमीटर, की नुसतं पोलाद तेवढं? दोन्हींच्या किमतीत आणि टिकण्यात फरक आहे. कंपनी, जाडी, रंग आणि बिलाची प्रत गिऱ्हाइकाला मिळणार, हे लिहायचं. १८ टक्के जीएसटी दरात आहे की वर, हे लिहायचं. जुनी कौलं, सागवानी वासे उतरवल्यावर कुणाचे, हेही लिहायचं. एका जुन्या वाड्याच्या सागवानावरून सख्खे भाऊ आणि ठेकेदार असे तिघं अबोल झालेले मी पाहिले आहेत.

हनफी फुकहांनी अशा कामाला 'इस्तिस्ना' म्हटलं आहे, म्हणजे सांगून बनवून घेणं. वस्तू अजून अस्तित्वात नाही, तरी सौदा चालतो. मात्र तिचा प्रकार, माप आणि गुण आधी स्पष्ट ठरले पाहिजेत. संदिग्धता ठेवून केलेला सौदा नापसंत आहे, कारण त्यातून भांडण होतं. १८७२चा भारतीय करार कायदाही तोंडी कराराला खोटं मानत नाही. अडचण पुराव्याची येते. आणि एक गैरसमज दोन्ही बाजूंना असतो. 'उशीर झाला तर दिवसाला हजार रुपये दंड' असं लिहिलं की तेवढे मिळणारच, असं गिऱ्हाइकाला वाटतं. कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. म्हणून धाक घालणारी कलमं मी लिहीत नाही. पाळता येतील अशीच लिहिते.

सर्वांत नाजूक कलम गळतीच्या हमीचं. गळती बहुधा पत्र्यातून होत नाही. ती स्क्रूच्या रबरी वायसरातून, आढ्यावरच्या पत्र्यातून किंवा भिंतीच्या सांध्यातून होते. पत्र्याची हमी कंपनीची, बसवण्याची हमी ठेकेदाराची. या दोन्ही वेगळ्या लिहाव्या लागतात. शेवटचा हप्ता 'पहिल्या पावसानंतर' देऊ, असं सगळे म्हणतात. पण पहिला पाऊस कोणता? महाबळेश्वर, पाटणकडे जुलैत छपराची पुरती परीक्षा होते. माण, जत, आटपाडीला जुलै कोरडा जातो आणि खरा पाऊस परतीच्या वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. तिथं आधी येतो तो वळवाचा वारा, आणि वारा पत्रा भिजवत नाही, उचलून नेतो. एकच छापील मजकूर दोन्हीकडे कसा चालेल? म्हणून पाटणच्या करारात शेवटच्या हप्त्याची तारीख ३१ ऑगस्ट असते आणि जतच्या करारात दसरा.

सही झाल्यावर करार फाइलीत निजवायचा नसतो. मालक छपरावर चढल्यावर म्हणतो, "तेवढा गोठाही घ्या." वाढीव कामाची चिठ्ठी त्याच दिवशी, दोघांच्या सहीनं. पैसे दिले की पावती. पावसानं काम थांबलं तर तारीख आणि कारण. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दोघांकडे. झालेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं असते. पण माणसाची आठवण तीन महिन्यांत बदलते.

हे सगळं मी इतक्या आग्रहानं का लिहिते, त्याला एक कारण आहे. आमच्या मोहल्ल्यात पत्र्याचं काम करणारे एक मामू होते. शब्दाला पक्के. कागद त्यांनी आयुष्यात केला नाही. एके रात्री हृदयविकारानं गेले. जनाज्याच्या नमाजआधी त्यांचा मुलगा उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, "अब्बांकडे कुणाचं काही येणं असेल तर मला येऊन भेटा." कर्ज असलेल्या मय्यतीची नमाज पढवायला हुजूर (स.) थांबले होते आणि एका सहाबींनी ते कर्ज अंगावर घेतल्यावरच पुढं झाले, ही हदीस सगळ्यांना माहीत असते. त्यामुळे माणसं आली. विसार दिलेले आले, हार्डवेअरवाला आला, वेल्डिंगवाला आला. कुणी खोटं बोललं, असं मी म्हणणार नाही. पण मामूंचं ज्यांच्याकडे येणं होतं, त्यांतलं कुणी आलं नाही. रिवाज देणं विचारतो, येणं विचारत नाही.

मामूंच्या खिशातली डायरी वाचायला माझ्याकडे आणली. अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत. 'पाटील, शेड, २ बाकी.' सांगली-साताऱ्यात पाटील कुठले शोधायचे? आणि २ म्हणजे दोन हजार, वीस हजारांतले दोन हप्ते, की दोन पत्रे? मामी इद्दतीत घरात बसलेल्या. वारसांच्या वाटणीआधी कर्ज फेडायचं असतं, ते त्यांनी बांगड्या मोडून फेडलं. येणं तसंच राहिलं.

एकच माणूस आला, वाळवा तालुक्यातला एक शेतकरी. त्याच्या मुलानं मामूंच्या हिशेबाच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला होता. त्यात १८,००० बाकी होते. ते त्यानं मामींच्या मुलाच्या हातात ठेवले. जाताना म्हणाला, "फोटो नसता तर मला वाटत होतं पाचेक हजार राहिलेत." तो प्रामाणिकच होता. पण किती प्रामाणिक राहायचं, याचा आकडा प्रामाणिक माणसालाही कुठंतरी लिहिलेला लागतो.

आणखी एक गोष्ट. भाच्याची बहुतेक गिऱ्हाइकं मराठा, धनगर, लिंगायत, जैन शेतकरी आहेत. बहुतेकांशी पिढ्यांची ओळख. तरी अलीकडे नव्या गिऱ्हाइकाला फोनवर नाव सांगितलं की समोर क्षणभर शांतता होते, असं तो कधीतरी सांगतो. कागदानं कुणाचं मन बदलत नाही. पण माप, दर आणि तारीख लिहिलेली असली की बोलणं पत्र्याच्या जाडीवर राहतं, नावावर घसरत नाही. भांडण झालं तरी ते छपराचं होतं, माणसाच्या जातीचं होत नाही. मला हे थोडं वाटत नाही.

वर्गात मी मुलांना दोन शब्द सांगते. घरावरचं कौल आणि दिलेला कौल, उच्चार एक पण शब्द दोन. दुसरा अरबी 'क़ौल', म्हणजे बोललेला शब्द. शिवकाळात रयतेला कौल दिला जायचा, पण तो नुसता बोलून नाही, कौलनामा लिहून. आणि 'करार' हाही अरबीतूनच आला. मुळात त्याचा अर्थ ठरणं, स्थिरावणं. उर्दूत दिलाला क़रार मिळतो, म्हणजे चैन पडते. चैन नसली की माणूस बेक़रार. मराठीनं त्याच शब्दाला कागद जोडला. दोन्ही भाषा शिकवताना मला हे एकाच घराचे दोन उतार वाटतात. ठरलं, लिहिलं, की दोघांनाही झोप लागते.

भाच्याच्या प्रत्येक कामाचा शेवटचा कागद एका ओळीचा असतो : हिशेब पूर्ण, दोघांचं एकमेकांकडे काही राहिलेलं नाही. खाली दोन सह्या, तारीख. तोवर मूळ करार, चिठ्ठ्या आणि पावत्या एका फाइलीत एकत्र असतात. भाच्याची बायको दहावी शिकली आहे, छपराचं काम तिला कळत नाही. पण कोणत्या पाटलांकडे किती येणं आहे आणि कुणाचा किती विसार आपल्याकडे अमानत आहे, हे ती फाइल उघडून सांगू शकते. फाइल कपाटात कुठं आहे, तेही तिला माहीत आहे.